देवमाशांची सोयरीक

सख्ख्या भावानं आणलेला नारळ मी परत केला, ही गोष्ट आमच्या सोलापूरच्या पूर्वभागात अजून चघळली जाते. लग्नकार्यात चार बायका एकत्र बसल्या की एकीनं दुसरीला कोपरानं ढोसायचं आणि माझ्याकडं बघायचं. भाऊ दारात सोयरीक घेऊन आला आणि बहिणीनं त्याला तसाच वाटेला लावला, शिकलेल्या बायकांना माज असतो, वगैरे वगैरे. बोला म्हणावं. पण का परत केला, हे एकीनंही मला तोंडावर विचारलेलं नाही. म्हणून आता मीच सांगते. सांगताना मधे देवमासे येणार आहेत, त्याला माझा इलाज नाही.

सोलापुरात देवमासा कुठला, असं म्हणाल. खरंय की. ज्या गावात नळाला पाणी चार दिवसाआड येतं आणि समुद्र बघायचा तर रात्रभर एसटीत अंग मोडून घ्यावं लागतं, त्या गावातल्या पोरीनं देवमाशाच्या मागं लागायचं म्हणजे जरा जास्तच झालं. पण लागली. आणि ती माझी भाची होती.

आधी आमच्या घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही विणकर. पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला इथं आले आणि इथलेच झाले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात जे चालेल ते. पुढची सगळी बोलणी तेलुगूत झाली, मी ती मराठीत सांगतेय, एवढंच. आमच्यात पोरीवर पहिला हक्क मामाचा. मामा लग्नाचा नसेल तर मामाच्या पोराचा, नाहीतर आत्याच्या. याला मेनरिकम म्हणतात. बाहेर स्थळं बघायच्या आधी घरातल्या घरात विचारायचं, नाही विचारलं तर माणसं रुसतात. मराठी घरांतही मामाच्या पोरीवरून थट्टा चालते, मला माहीत आहे. आमच्यात थट्टेवर भागत नाही, पत्रिकाच छापतात.

मला माझ्या सख्ख्या मामाला दिलं. आईचा सगळ्यात धाकटा भाऊ. ज्यानं मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं, त्याच्याच गळ्यात मी माळ घातली. लग्नानंतर वर्षभर माझ्या तोंडून 'मामा'च निघायचं, आणि सासू, म्हणजे माझी सख्खी आजी, तोंडाला पदर लावून हसायची. सगळ्यांना लई कौतुक. पोरगी घरातल्या घरात राहिली की. माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं, त्यातच उरकून टाकलं. मला कुणी विचारलं नाही. माणूस चांगला निघाला, हे माझं नशीब. त्यानं मला पुढं बी.एड. करू दिलं. आता हे 'करू दिलं' बघा. इतकी वर्षं शाळेत शिकवून माझ्या तोंडून अजून तेच निघतं.

मुलगा झाला. वर्षाचा झाला तरी ताट पडल्यावर दचकायचा नाही. डॉक्टरांनी तपासलं, जन्मापासून ऐकू येत नाही म्हणाले, आणि खाली बघत विचारलं, "लग्न नात्यातलं आहे का?" मी हो म्हणाले. घरी येऊन सांगितलं तर सासू ताडकन म्हणाली, "डॉक्टरला काय कळतंय? हिनं ग्रहणात वांगं चिरलं होतं." झालं. गल्लीनं ते वांगं उचलून धरलं. पिढ्यान् पिढ्या मामा-भाचीची लग्नं लावली, ती राहिली बाजूला. गुन्हेगार ठरलं माझं वांगं. ते आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

पुढं मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. दहावीला आनुवंशिकतेचा धडा असतो. फळ्यावर चौकट आखायची आणि सांगायचं की प्रत्येक गोष्टीची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एखादी बिघडलेली प्रत एकीकडूनच आली तर बहुतेक वेळा झाकून जाते, दोन्हीकडून आली तर उघडी पडते. आईबाप एकाच घरातले असले की दोघांकडं तीच बिघडलेली प्रत असायचा धोका वाढतो. दर वेळी काही होतंच असं नाही. पुष्कळांची मुलं धडधाकट असतात, आणि मुलात काही असलं तर ते कशामुळं हेही छातीठोक सांगता येत नाही. पण धोका आहे आणि तो आपण हौसेनं विकत घेतो. पुढच्या बाकावरच्या पोरी ती चौकट वहीत सुबक काढायच्या, पैकीच्या पैकी मार्क मिळवायच्या, आणि दोन-चार वर्षांनी मामाशी ठरलेल्या लग्नाची पत्रिका मलाच आणून द्यायच्या. पुराणातली वांगी पुराणात. माझं वांगं मात्र गल्लीभर.

तर भाची. माझ्या पाठच्या भावाची एकुलती एक. भावाची टॉवेलची शेड आहे, यंत्रमागांची. बारशाला नाव आत्यानं ठेवायचं असतं, तसं मी पाळण्यावर वाकून तिच्या कानात सांगितलं. भावानं मला साडी नेसवून पाटावर बसवलं होतं. ते नाव मी इथं लिहीत नाही, ती आता मोठी आहे, तिचं नाव तिचं. शाळा सुटली की ती आमच्याकडंच असायची. माझा मुलगा तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. दोघं दिवसभर हातांनी गप्पा मारायची. खुणांची भाषा सबंध खानदानात तिघांनाच येत होती, मला, माझ्या नवऱ्याला आणि हिला. बाकीचे मुलाशी बोलायचे म्हणजे मोठ्यानं ओरडायचे. ऐकू येत नाही म्हटल्यावर ओरडून काय उपयोग, एवढं साधं कुणाला सुचलं नाही.

पोरगी एम.एस्सी. झाली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संस्थेत लागली. तिथं ती देवमाशांच्या कातडीचे नखाएवढे तुकडे घेऊन त्यांतला डीएनए तपासते. कोण कुणाच्या नात्यातलं, कुठल्या समुद्रातलं, कळपात किती वेगवेगळेपण शिल्लक आहे, असलं ते काम. भाऊ गल्लीत सांगायचा, पोरगी माशांची डॉक्टर झालीय. ती म्हणायची, अप्पा, तो मासा नाही, पिलाला दूध पाजतो. भाऊ म्हणायचा, असू दे, लोकांना मासाच सांग.

एका दिवाळीला ती आली होती, तेव्हाची गोष्ट. माझा नवरा, ज्याला तीही मामाच म्हणते, सहज म्हणाला, एवढ्या मोठ्या समुद्रात कुणीही कुणालाही भेटत असेल, तिथं काय वेगळेपणाची काळजी? तर ही उठली, बापाच्या शेडमधून कांड्यांची पाटी घेऊन आली आणि स्वयंपाकघरात ओतली. कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली नळी. लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या, सगळ्या फरशीभर.

"हे पूर्वीचे देवमासे," ती म्हणाली. "मग माणसांनी तेलासाठी मारले." तिनं ओंजळी भरभरून कांड्या परत पाटीत टाकल्या. शेवटी फरशीवर मूठभर उरल्या, त्यांत हिरवी एकही नव्हती. "आता शिकार थांबली. कळप हळूहळू वाढतोय. पण मामा, या उरलेल्या कांड्यांवर तुम्ही हजार चादरी विणल्या तरी हिरवा कुठून आणणार?" डोकी वाढतात, रंग वाढत नाहीत, हे तिनं तेव्हा सांगितलं. नवा रंग आपोआप यायला इतका काळ लागतो की आपण त्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

मुलगा भिंतीला टेकून बघत होता. ती बोलता बोलता त्याच्यासाठी हातांनीही सांगत होती. पिल्लू आईच्या मागं मागं जातं आणि आईची वाट शिकतं, चरायला कुठं जायचं, प्रसवायला कुठं यायचं. मोठं झालं तरी त्याच वाटेनं जातं. समुद्राला कुंपण नसतं, पण सवयीचं कुंपण असतं. काही जातींत माद्या घर धरून राहतात आणि नर या समुद्रातून त्या समुद्रात भटकतात, त्यामुळं तेवढी तरी सरमिसळ होते. आणि उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे एकाच जातीचे असले तरी सहसा भेटत नाहीत, कारण यांचा उन्हाळा तेव्हा त्यांचा हिवाळा. एक घरी असतो तेव्हा दुसरा परगावी.

आणि मग तिनं आपल्या अरबी समुद्राचं सांगितलं. कुबड असलेले देवमासे जगात सगळीकडं लांब लांब प्रवास करतात. आपल्याकडचे करत नाहीत. पावसाळ्याच्या वाऱ्यानं खालचं थंड पाणी वर येतं, त्यात त्यांना इथंच खायला मिळतं, म्हणून कुठं जायची गरज पडली नाही. हजारो वर्षं इथंच राहिले. मुळात थोडे, त्यात बाहेरच्या जहाजांनी येऊन चोरून मारले, आता आणखी थोडे. वर मासेमारीची जाळी, मोठाली जहाजं. बाहेरून कुणी येत नाही, हे बाहेर जात नाहीत. त्यांचं गाणंसुद्धा वेगळं आहे म्हणे. हे सांगताना पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या जहाजवाल्यांचा असा राग आला की हातातलं लाटणं मी पोळपाटावर आपटलं. दिव्याच्या तेलासाठी, साबणासाठी, एवढाले जीव.

पुढच्याच वर्षी तिला बोटीवर जायची संधी आली. त्याच देवमाशांच्या मागं, पावसाळा संपल्यावर, काही महिने. तिला गगन ठेंगणं झालं. आणि भावाचं बिनसलं. मागावर दिवसरात्र बायकांबरोबर काम केलेला माणूस, पण पोरगी बोटीवर पुरुषांबरोबर राहणार म्हटल्यावर त्याची झोप उडाली. लग्न कर, मग नवरा ठरवेल, म्हणाला. स्थळं बघितली. भिवंडीचं, सुरतेचं, एक इथलंच. प्रत्येकानं पोरगी गोरी आहे का ते विचारलं, पगार विचारला, आणि बोटीचं नाव काढलं की म्हणाले, लग्नानंतर हे बंद करावं लागेल. पगार चालणार होता, बोट चालणार नव्हती. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खायचा, पण त्याला वाढू द्यायचं नाही.

मग एक दिवस भरदुपारी भाऊ आणि भावजय आमच्या दारात उभे. ताटात नारळ, विडा, साडी. मागं पोरगी, मान खाली. भावानं बसल्या बसल्या सांगून टाकलं, "अक्का, बाहेर कशाला हिंडायचं? तुझा मुलगा आहे. घरातली पोरगी घरात राहील. तुलाही सून शोधायला नको." बोलताना त्याचा चेहरा अगदी समाधानी होता. मी चहाचं निमित्त केलं आणि पोरीला आत बोलावलं.

"तुला माहीत होतं?"

"हो, अत्ता." आत्याला आमच्यात अत्ता म्हणतात.

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी हो म्हणाले."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "अगं, त्या फरशीवर कांड्या पसरून तूच मला शिकवलंस ना? त्या मुक्या जनावरांना बाहेरचं स्थळ येत नाही म्हणून रडलीस. त्यांना बिचाऱ्यांना इलाज नाही. तुला अख्खा देश मोकळा पडलाय आणि तू आत्याच्या चुलीशी येऊन बसायलीस? डीएनए काय फक्त देवमाशांना असतो?"

तिनं आवाज चढवला नाही. गॅस बारीक केला आणि म्हणाली, "अत्ता, बोटीवर जाऊ देईल असं एकच घर आहे. तुझं. तू सासू झालीस तर मी जाईन. दुसरीकडं दिली तर देवमासे संपले. मुलांचं म्हणशील तर आम्ही तपासून घेऊ, नाहीतर होऊच देणार नाही. आणि तो काही परका नाही. त्याच्याशी मला बोलता येतं."

पोरगी मूर्ख असती तर दोन शिव्या घालून मी मोकळी झाले असते. पण तिनं सगळा विचार केला होता. बोटीवर जायची परवानगी पाहिजे आणि ती सासू-सासऱ्याशिवाय मिळत नाही, म्हणून ही आपला जन्म देऊन परवानगी घ्यायला निघाली होती. वर पुन्हा घर आमचं प्रेमाचं, त्यामुळं कुणाला त्यात वावगं दिसणार नव्हतं. मी ज्या वाटेनं आले, माझी आई ज्या वाटेनं आली, त्याच वाटेनं ही चालली होती, फक्त डोळे उघडे ठेवून. मला तिचा राग येईना. मग मला एवढा राग आला होता तो कुणाचा, हेही धड कळेना. त्यानं मी आणखीच संतापले.

तेवढ्यात मुलगा कामावरून आला. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो संगणकावर जकार्डची, म्हणजे विणीत उमटणाऱ्या नक्षीची, डिझाइनं काढतो. बाहेरच्या खोलीत मामा-मामी आणि ताटातली साडी बघून तो सरळ आत आला आणि हातांनी विचारलं, "लग्न कुणाचं?"

"तुझं," मी हातांनी सांगितलं.

तो हसला. मग तिच्याकडं बघितलं आणि त्याचं हसू गेलं. नवरदेव घरात उभा आणि त्याला पत्ताच नाही. मी रागाच्या भरात हातवारे करून त्याला भराभरा सांगत सुटले, एकच रक्त, तोच बिघाड, पुन्हा तेच, माझ्या देखत नाही होऊ देणार. त्यानं माझी दोन्ही मनगटं धरली. आमच्या घरात त्याचा अर्थ गप्प बस असा आहे. मग सोडली आणि सावकाश विचारलं, "मी बिघाड आहे?"

अशा वेळी आईनं काय सांगायचं ते कुठल्या पुस्तकात नाही. मी सांगितलं, "नाही. तू माझा मुलगा आहेस, तुझं काही बिघडलेलं नाही. मला राग याचा आहे की मला न विचारता माझं लग्न लावलं. आणि तुला ऐकू येत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्या वांग्याकडं बोट दाखवलं, स्वतःकडं कुणी बघितलं नाही. तेच आता पुन्हा करायलेत."

तो हातांनी म्हणाला, "मला वांगं आवडतं." भाची रडता रडता हसली. मग त्यानं तिच्याकडं वळून सांगितलं, "तू माझी बहीण आहेस. मला विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. पण मला विचारलंच नाही."

"मलाही कुणी विचारलं नव्हतं," मागून आवाज आला. माझा नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. एवढी वर्षं संसार झाला, हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आईनं सांगितलं भाचीशी कर, त्यानं केलं. आमचं दोघांचं बरं चाललं, म्हणून कुणाला दोष देता येत नाही, हेच तर त्यातलं सगळ्यात वाईट.

मी बाहेर आले. ताट उचललं आणि भावासमोर ठेवलं. "नारळ परत ने. मला सून नको."

भाऊ आधी हसला, थट्टा वाटली त्याला. मग त्याचा चेहरा बदलला. "माझी पोरगी तुला चालत नाही?"

"पोरगी चालते. सोयरीक चालत नाही."

"अक्का, मी मोठ्या मनानं आलोय. तुझ्या बहिऱ्या पोराला दुसरं कोण देणार आहे? उपकार करायलोय मी."

मुलगा शेजारीच उभा होता. त्याला ओठ वाचता येतात. भावाला हे माहीत असायला पाहिजे होतं, पण भाच्याचं काय काय येतं हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. ज्याला जावई करायला निघाला होता, त्याच्याशी 'जेवलास का' एवढी खूणही त्याला करता येत नव्हती.

"उपकार?" मी म्हणाले. "माझ्या मुलावर उपकार म्हणून पोरगी देतोस आणि पोरीवर उपकार म्हणून घर देतोस. दोघांपैकी कुणी मागितलं होतं? आता ऐक. पाळण्यावर वाकून हिच्या कानात नाव मी सांगितलंय. पाटावर बसवून साडी दिलीस तेव्हा आत्याचा मान होता ना? मग आज त्याच मानानं सांगते. हिला बोटीवर जायला सासू लागत नाही. मी आहे. उद्या कुणी विचारलं, पोरगी कुणाच्या जिवावर गेली, तर माझं दार दाखव. जो काय बोल लागायचा तो मला लागू दे."

भाऊ उठला. चप्पल घालताना म्हणाला, "मग तूच सांभाळ तिला. मला बहीणही नाही आणि पोरगीही नाही." भावजयीनं ताट उचललं. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं, आणि ती रागावलेली नव्हती, एवढं मला कळलं. पोरगी मात्र आमच्याच घरी राहिली आणि पावसाळा उतरल्यावर आमच्याच घरून गेली. स्टेशनवर माझा मुलगा सोडायला गेला.

नंतर व्हायचं ते झालं. दोन राख्या आल्या आणि गेल्या, भाऊ आला नाही. राखी पौर्णिमेला आमच्या पूर्वभागात विणकरांच्या देवाचा रथ निघतो, सगळ्यांचे भाऊ नव्या कपड्यांत हिंडत असतात. मी दारात उभं राहून बघायचे आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचे. माझी चूक असती तर मी गेले असते पाया पडायला. नव्हतीच, तर कशाला जाऊ?

यंदा रथ पुढं गेल्यावर भाऊ दारात आला. आत नाही, उंबऱ्याशीच उभा. पांढरा झालाय आता. राखीचं नाव काढलं नाही. म्हणाला, "पोरीनं कसलातरी आवाज पाठवलाय म्हणे तुमच्याकडं. हिला सांगितलं तिनं." हिला म्हणजे भावजयीला. मायलेकी फोनवर बोलत होत्या तर.

आवाज आला होता, खरं. पाण्यात यंत्र सोडून तिनं देवमाशाचं गाणं टिपलं होतं. मी मोबाइल मोठ्या स्पीकरला जोडला. आधी नुसतं पाणी. मग खोलवरून एक हुंकार, लांबच लांब, मग वर जाणारं एक रडं, थांबून पुन्हा तेच. मुलानं नेहमीप्रमाणं स्पीकरवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. खालचे सूर त्याला हाताला लागतात. लहानपणी मामाच्या शेडमध्ये तो असाच भिंतीला हात लावून माग ऐकत उभा राहायचा.

थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले आणि भावाकडं बघून हातांनी काहीतरी विचारलं. मला नाही, भावाला. भाऊ गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. "काय म्हणतोय?"

"विचारतोय, याला ओ कोण देतं?"

भाऊ म्हणाला, "देत असतील की. घरचेच."

"घरचेच देतात," मी म्हणाले. "दुसरं कुणी नाही तिथं. आणि घरचेही आता थोडेच राहिलेत."

तो उंबऱ्यावर बसला. गाणं चाललंच होतं. त्यातच म्हणाला, "कधी येणार आहे ती?"

"मला काय विचारतोस? नंबर आहे तुझ्याकडं."

त्यानं खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला, नंबर लावला आणि कानाला धरून बसला. यंदा ती मोठ्या जहाजावरून भर पावसाळ्यातच निघाली होती, आणि समुद्रात रेंज नसते. फोनमधली बाई आधी मराठीत सांगत होती, मग हिंदीत, मग इंग्रजीत, की आपण ज्यांना फोन केला आहे ते संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहेत. भावानं ते तिन्ही भाषांत शेवटपर्यंत ऐकलं. मुलानं स्पीकरवरचा हात काढला नाही. मी राखी आणायला आत गेले नाही, माझा राग इतक्यात जाणारा नाही. पण दारातून बघत होते. भावानं फोन खाली घेतला, पुन्हा तोच नंबर लावला आणि पुन्हा कानाला धरला.